गुरुवारची कवळी

१२ जानेवारी, रविवार

सकाळी उपासनेला गेलो. घरी येऊन पाव-अंडे खाल्ले. कालच्या एका साच्यातले मेण काढले. दुपारी झोपलो. संध्याकाळी एका खालच्या कवळीला पॉलिश केले. बाकी काही नाही.

आता हे का लिहितो आहे ते लिहितो. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दारात गाठले. पुढच्या महिन्यात एका रविवारच्या संध्याकाळच्या सभेत मी सहनशीलतेवर बोलावे असे त्यांचे म्हणणे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. (दात चांगले आहेत त्यांचे.)

"एवढं मोठं दुःख तुमच्यावर आलं, पण तक्रारीचा एक शब्द आम्ही ऐकला नाही. तरुण मंडळींना ऐकू द्या की."

मी म्हणालो, "बघतो."

माझ्या "बघतो"चा अर्थ नाही असा असतो. हे जगात एकाच माणसाला, माझ्या बायकोला, कळत होते आणि ती सप्टेंबरात गेली. पाळकसाहेबांनी लगेच डायरीत टिपून घेतले. वर सल्ला दिला, "रोज दोन ओळी लिहीत जा. बोलताना उपयोग होईल."

खरी गोष्ट अशी की मी लहानपणापासून गप्प आहे. शाळेत त्यामुळे मला हुशार समजत, लग्नात खानदानी समजले, आता सहनशील समजतात. दुकान बंद दिसले म्हणून आत माल भरलेला असतोच असे नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

सहनशीलतेबद्दल दोन ओळी. आज प्लास्टर घट्ट व्हायच्या आत साचा उघडला नाही. ही सहनशीलता धरावी का? माझा धंदा कवळ्या करण्याचा. दवाखान्यातून माप येते, मी प्लास्टर ओततो, मेणावर दात बसवतो, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून शिजवतो, घासतो, पाठवून देतो. प्रत्येक पायरीला थांबावे लागते. पण थांबलो नाही तर माल फुकट जातो म्हणून मी थांबतो. यात पुण्य काय?

जेवताना नेहमीची पंचाईत झाली. ताटावरची प्रार्थना ती करायची, मी आमेन म्हणायचो. अजून ताट समोर घेतले की मी कुणीतरी सुरुवात करील म्हणून थांबतो. मग नुसते आमेन म्हणतो आणि जेवतो. देवाला वाटत असेल, हा शेवटचेच पान उघडतो.

१६ जानेवारी, गुरुवार

आज सासरे आले होते. त्यांना मी मामा म्हणतो. पूर्वी शाळेत कवायतीचे मास्तर होते. ऐंशीला टेकले आहेत, पण आवाज अजून मैदानातला. धाकट्या मुलीकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे राहतात. तिथून इकडे यायला बस बदलावी लागते. गुडघा दुखतो. तरी दर गुरुवारी येतात, कारण कवळी टोचते.

"जावईबापू, टोचतंय!"

"कुठे?"

"इथे." त्यांनी उजवा गाल दाबला. मग जरा विचार करून डावाही दाबला. "आणि शीळ वाजते. सावधान म्हणून बघतो. साऽऽवधान! ऐकलंत? जन्मभर पोरांना सावधान-विश्राम केलं, आता माझ्याच तोंडाला विश्राम नाही."

 कवळी घेतली, धुतली, आतून बोट फिरवले. कुठे काही नव्हते. तरी मोटर लावली आणि आतून केसभर घासली. मामा तिच्या स्टुलावर बसले होते. ते स्टूल मी कुणाला देत नाही, पण त्यांना तिथून उठवणार कसा? ती त्या स्टुलावर बसून मेणावर दात बसवायची. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला होता. मामांच्या या कवळीचे दातही तिनेच लावलेले. समोरचा एक दात जरा तिरका आहे. मी तेव्हा म्हटले होते, सरळ कर. तिने केला नाही.

"जेवलात का?" मामा.

"हो."

"काय केलंत?"

"पाव."

"पाव काय तुम्ही केलात? पाव बेकरीवाल्याने केला."

मी पॉलिश करत राहिलो. मामा चहा पिऊन, सगळ्या नातेवाइकांची खबरबात सांगून, अंधार पडायच्या आत गेले. माझी एक दुपार गेली. पण मी चेहऱ्यावर काही दाखवले नाही. पाळकसाहेबांना हेच हवे असणार.

२३ जानेवारी, गुरुवार

मामा. आज डावीकडे टोचते. उजवीकडे आता बरे आहे, उगाच हात लावला असे वाटते म्हणाले. मग मी डावीकडे केसभर घासली. मग म्हणाले, उजवीकडेही थोडे बघाच.

त्यांनी तिचा हत्यारांचा खण उघडला. मेण कापायची छोटी सुरी काढून पाहिली. "ही ओळखतो मी. लहानपणी पेन्सिलीला टोक करायला असलीच सुरी हवी म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं चिमणीनं." ते तिला चिमणी म्हणत.

मी म्हणालो, "तोंड उघडा."

"तुमच्याकडे येऊन दुसरं काय करतो?"

मी हसलो नाही. मनात हसू आले होते, पण ते वरपर्यंत पोचेतो मामा पुढच्या विषयावर गेले होते. माझे असेच होते. माझ्या भावना पॅसेंजर गाडीने येतात.

सहनशीलतेच्या भाषणासाठी मुद्दा: वृद्धांच्या क्षुल्लक तक्रारी शांतपणे ऐकून घेणे. उदाहरण माझे स्वतःचे देता येईल, नाव न घेता.

२६ जानेवारी, रविवार

आज फार राग आला आहे. अक्षर बिघडले आहे ते त्यामुळे.

उपासनेनंतर घरी येताना दफनभूमीच्या भिंतीवरून नजर गेली. आत मी जात नाही. तिच्यावरचा मातीचा ढीग अजून बसलेला नाही, तो बसल्याशिवाय दगड लावता येत नाही, आणि नुसता ढीग बघून काय करायचे? तर आत बाकावर मामा बसलेले. हातात सफरचंद. चिरलेले नाही, किसलेले नाही, अख्खे. आणि ते समोरच्या दातांनी त्याचा लचका तोडत होते. करकर आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

हे कुणाला कळणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. पूर्ण कवळीने अख्ख्या सफरचंदाला पुढून चावणे ही शेवटची परीक्षा. जरा जरी ढिली असेल तर मागून सुटते आणि हातात येते. मामांची जागची हलली नाही. माझ्या सगळ्या कामात इतकी चोख बसलेली कवळी दुसरी नसेल. आणि या कवळीसाठी हा माणूस दर गुरुवारी माझ्या दारात येऊन गाल दाबतो!

मला वेड्यात काढतात. का, ते कळत नाही. वय झाले की माणसांना कामधंदा नसतो आणि कामधंदा असलेल्यांचा वेळ खायला त्यांना आवडते, असे असावे.

मी भिंतीशी थांबलो नाही. हाक मारली नाही. ओठ दाबून घरी आलो. माझी ही सवय सहनशीलतेसारखीच दिसते, हे आज आरशात पाहून कळले.

३० जानेवारी, गुरुवार

आज प्रश्न निकालात काढला.

मामा आले. "जावईबापू, टोचतंय. आता टाळूला."

 सफरचंदाचे नाव काढले नाही. फक्त म्हणालो, "आज चांगली घासून देतो." आणि घासली. आतून, दोन्हीकडून, मोटरला घासायचा जाडा दगड लावून. गुलाबी भुगा तिच्या स्टुलापर्यंत उडाला. मामा बघत होते. त्यांनी मध्येच म्हटले, "पुरे की हो." मी म्हणालो, "नाही, टोचतंय ना, नीटच करू." आवाज मात्र माझा अगदी गोड होता.

त्यांनी कवळी घातली. जीभ फिरवली. माझ्या तोंडाकडे बघितले. बराच वेळ बघितले.

"झकास," ते म्हणाले. "आता काही टोचत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग आता दर आठवड्याला यायला नको, मामा. बस बदलायची, गुडघा दुखतो. कशाला त्रास?"

"हो. बरोबर आहे तुमचं." त्यांनी टेकायची छत्री घेतली. जाताना स्टुलावर पडलेला भुगा हाताने पुसला आणि ते नीट टेबलाखाली सरकवून ठेवले.

मी जिंकलो. खोटी तक्रार खऱ्या कामाने बंद पाडली, आणि तीही न चिडता. पाळकसाहेबांनी माणूस बरोबर निवडला.

२ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर चहा होता. मामा कोपऱ्यात बसून बिस्किट चहात बुडवत होते. इतके बुडवले की ते कपात पडले, मग चमच्याने खाल्ले. गाण्याच्या वेळी त्यांचा आवाज ऐकू आला नाही. एरवी सगळ्यांना मागे टाकून एक ओळ पुढे असतात. म्हातारपण असे अचानक येते. मी विचारले, "कशी आहे कवळी?" त्यांनी हात वर करून झकास अशी खूण केली. बोलले नाहीत. शीळही गेली वाटते.

भाषणाचा मसुदा सुरू केला. "प्रिय बंधुभगिनींनो, सहनशील मनुष्य रागाला आवर घालतो." इथपर्यंत आले आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कुणी आले नाही. पुष्कळ काम झाले. दोन वरच्या आणि एक खालची तयार केली.

चहा सवयीने दोन कप केला. दुसरा ओतून देणे बरोबर नाही म्हणून तोही मीच प्यालो. गार झाला होता, कारण कशाची कोण जाणे, मी जरा वाट बघत होतो.

बस थांब्यावर एक छत्रीवाले दिसले. ते मामा नव्हते. ते असावेत असे काही मला वाटत नव्हते. बाहेर उभा होतो तो गल्लीत डबे घेऊन येणाऱ्या मुलीकडून भाजी घ्यायची होती म्हणून. ती येऊन गेली होती.

मसुदा पुढे गेला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मेहुणीचा फोन आला. तिचे बोलणे तसेच्या तसे लिहितो, कारण सगळे एका दमात होते आणि मला मध्ये जागा मिळाली नाही.

"भाऊजी, तुम्ही काय केलंत हो पप्पांच्या दातांना? आठवडा झाला, माणूस पेजेवर आहे. कवळी गदगदा हलते. काल जबरदस्तीने तोंड बघितलं तर हिरडीला हा एवढा फोड! आणि मला शपथ घातली, जावईबापूंना सांगायचं नाही म्हणून. मी म्हटलं, शपथ घालू नये असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून मी सांगतेय."

"पण ते म्हणाले झकास आहे."

"ते म्हणणारच! आधी चांगली होती तेव्हा टोचते म्हणत होते, आता टोचते तर झकास म्हणतात. तुम्हाला खरंच कळलं नाही का, भाऊजी?"

"काय?"

 ती जरा हळू बोलली.

"ताईनं शेवटी पप्पांना सांगितलं होतं. म्हणाली, माझ्यामागे हे दार लावून घेतील. सहज म्हणून गेलात तर दारातून परत पाठवतील, पण काम घेऊन गेलात तर घरात घेतील. म्हणून दर गुरुवारी कवळी. मी म्हणायचे, पप्पा, गुडघा बघा तुमचा, कशाला जाता? तर म्हणायचे, अगं, तो तोंड उघडत नाही, मग मीच जाऊन तोंड उघडून बसतो."

मी म्हणालो, "बघतो."

"बघू नका. या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जेवलो नाही. मसुदा फाडला. "रागाला आवर घालतो" म्हणे. मी राग आवरला नव्हता. जाडा दगड लावून कवळीच्या आत घातला होता. आणि त्या माणसाला ते दिसत होते. सगळा वेळ स्टुलावर बसून तो माझा राग बघत होता, आणि मग त्याने तो तोंडात घेतला आणि झकास म्हणाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुकान बंद ठेवून मेहुणीकडे गेलो. बस बदलायच्या थांब्यावर बसायला बाक नाही. एवढी वर्षे मला माहीत नव्हते.

मामा खिडकीशी बसले होते. दात नसल्यामुळे चेहरा लहान झाला होता. मला बघून त्यांनी आधी रुमाल तोंडावर धरला, मग हसून काढून टाकला.

"फितूर झाली वाटतं धाकटी."

"तोंड उघडा, मामा."

बॅटरी लावून पाहिले. फोड डावीकडे होता, उजवीकडेही लाल. माझेच काम. बॅटरी विझवली, पुन्हा लावली. मामा तोंड उघडे ठेवून तसेच बसले. किती वेळ बसले असते कोण जाणे. शेवटी मी म्हणालो, "मी मुद्दाम घासली."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. दात नसल्यामुळे ते फार मऊ ऐकू आले. "मीही मुद्दाम टोचवत होतो. झाली की फिट्टंफाट."

"मी तुम्हाला त्या दिवशी सफरचंद खाताना पाहिलं. दफनभूमीत."

"मग आत का नाही आलात? दुसरं होतं पिशवीत."

मेहुणी आतून म्हणाली, "दोघांचा एकेक पुतळा करून चौकात बसवा."

मी म्हणालो की नवी कवळी करून देतो, उद्यापासून लागतो. मामांनी एकदम माझे मनगट धरले. कवायतीच्या मास्तरांची पकड अजून तशीच आहे.

"नवी नको. दात तिनं लावलेत."

मला सुचलेच नव्हते. दर गुरुवारी ते दात माझ्या हातात होते. समोरचा तिरका दात दाखवून मामा म्हणाले, "माझा खरा असाच होता. तिला आठवत होता."

मी सांगितले की दात तसेच राहतील. आतून फक्त नवा थर द्यायचा, जिथे मी घासले तिथे. पण त्यासाठी आधी हिरडी बरी व्हायला हवी, तोवर कवळी घालायची नाही. मग दवाखान्यातल्या डॉक्टरबाई नवे माप घेतील. तोवर पेज.

"थांबावं लागेल," मी म्हणालो.

"थांबू की. मला कुठे परेडला जायचंय?"

मेहुणीने ताटे मांडली. मामा म्हणाले, "प्रार्थना तुम्ही करा, जावईबापू. मी बोललो तर देवाला कळायचं नाही." मी खाली बघितले. सवयीने थांबलो. कुणी सुरुवात केली नाही. पेजेवरची वाफ कमी होत चालली. कुणी चमचा उचलला नाही, कुणी खाकरले नाही. मग मी म्हणालो, "प्रभू, या अन्नासाठी आभार. मामांची हिरडी बरी कर. तिची आठवण येते." यातले शेवटचे मागणे नव्हते, पण तोंडातून गेले.

आमेन मामा म्हणाले.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोललो. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी सभेचा अर्धा वेळ ठेवला होता. मी त्यातला चिमूटभर वापरला. उरलेल्या वेळात मंडळीला बरीच गाणी गावी लागली, त्यांनी ती सहन केली.

जे बोललो ते जमेल तसे लिहितो. मी म्हणालो की मला इथे चुकून उभे केले आहे. मी गप्प असतो, सहनशील नसतो. गप्प राहणे म्हणजे दार लावणे. ते कुणालाही जमते, कडी असली की झाले. सहनशील माणूस लावलेल्या दाराबाहेर बसलेला असतो. त्याला आपण वेळखाऊ समजतो. आपण त्याला दुखवले तरी तो दुखणे तोंडात धरून बरे आहे म्हणतो, आणि पुन्हा येतो. देव आपल्याशी धीराने वागतो असे इतकी वर्षे ऐकत आलो, पण मला वाटायचे त्याला वेळच वेळ आहे, त्याचे काय जाते? आता वाटते, जात असणार. त्यालाही टोचत असणार.

एवढे बोलून पुढे काय ते आठवेना, म्हणून बसलो.

मामा तिसऱ्या रांगेत रुमाल तोंडावर धरून होते. खांदे हलत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "हसत होतो. एवढं लांब भाषण तुम्ही लग्नातही केलं नव्हतं." डोळे लाल होते. पाळकसाहेब म्हणाले, अजून थोडी उदाहरणे हवी होती.

जाताना दफनभूमीत गेलो, मामांबरोबर. ढीग थोडा बसला आहे. मामांनी पिशवीतून सफरचंद काढले, मला दिले. त्यांना खाता येत नव्हते. ते मी खाताना बघत होते.

६ मार्च, गुरुवार

हिरडी बरी झाली. बाईंनी माप घेतले, मी नवा थर दिला. घासताना हात हलका ठेवला. समोरचा तिरका दात कापडाने पुसला, मोटर लावली नाही.

मामा दुपारी आले. कवळी घातली. मी सफरचंद आणून ठेवले होते. त्यांनी पुढून लचका तोडला, करकर चावला, गिळला. कवळी जागची हलली नाही. सावधान म्हणून पाहिले. शीळ नाही.

मी वाट बघत उभा होतो.

मामांनी जीभ फिरवली, छताकडे बघितले आणि उजवा गाल दाबला.

"जावईबापू, टोचतंय."

"कुठे?"

"नक्की सांगता येत नाही. इथेच कुठेतरी."

मी कवळी घेतली. मोटर सुरू केली. दगड लावला नव्हता. मोटर बराच वेळ नुसती फिरवली, मग कवळी धुऊन परत दिली. मामांनी ती घातली आणि मान डोलावली.

"थोडा फरक आहे. पण पुढच्या गुरुवारी बघावं लागेल."

"बघतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुमचं बघतो म्हणजे नाही असतं. चिमणी सांगायची."

"या वेळी हो आहे."

चहाच्या आधी प्रार्थना मी केली. मग त्यांनी सगळ्या नातेवाइकांची खबरबात सांगितली आणि मी मधून मधून विचारले. एकदा हसलोही, वेळेवर.

अंधार पडायच्या आत ते गेले. दोन्ही कप विसळले. तिचे स्टूल पुसून टेबलाखाली न सरकवता बाहेरच ठेवले. सकाळच्या मापात प्लास्टर ओतले. घट्ट होताना ते आतून गरम होते, मग हळूहळू निवते. हात लावून पाहिला. अजून कोमट होते. बसून राहिलो.